चौकाखालचं स्टेशन आणि बाल्कनीतला आरसा

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच). तुझा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे आणि घरही ठणठणीत आहे. घराचं मुद्दाम लिहिते, कारण आमची इमारत कलल्याचं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं आणि मला कायमचं तुझ्याकडे न्यायला तू रविवारचा टेम्पो सांगून मोकळी झालीस. आधी झालं काय ते तरी ऐक.

आमच्या चौकाखाली त्या छोट्या शहरी रेल्वेचं भुयारी स्टेशन होतंय, हे तुला ठाऊक आहेच. खिडकीतून पाहिलं तर चौकच नाही; नुसतं भलंमोठं भगदाड आणि तळाशी पिवळ्या टोप्या. (सायकल शिकवताना तू माझं सीट जिथे सोडून दिलंस, ती जागा आता हवेत आहे.) खोदताना आजूबाजूची घरं हलत नाहीत ना, हे कळावं म्हणून त्यांनी माझ्या बाल्कनीच्या भिंतीवर तळहाताएवढा आरसा बसवलाय. समोरच्या गच्चीवरचं यंत्र दिवसभर त्याच्याकडे टक लावून असतं. आरसा हलला की घर हललं, असा त्यांचा हिशोब. शिवाय दिवाणखान्याच्या भिंतीतली भेग पाहायला मोजणीवाली मुलगी रोज सकाळी येते. "काल होती तशीच आहे, मावशी," म्हणते आणि चहा घेऊन जाते. हे गेल्यापासून इतक्या नेमानं माझ्या घरची चौकशी कुणी केली नव्हती.

तर मंगळवारी झाडांना पाणी घालताना पाहते, तो आरसा तिरका! वर धुळीचा थर. आपल्या शाळेतल्या मोठ्या सिस्टर आठवतात ना? भिंतीवरची तसबीर तसूभर कलली तरी त्यांची प्रार्थना अडायची. मी आरसा ओल्या फडक्यानं पुसला आणि छान सरळ केला. (काम सुबक झालं होतं, हे मी आजही म्हणेन.)

तेवढ्यात भोंगा वाजला. खाली सगळी यंत्रं गप्प. पिवळ्या टोप्या जिने चढत ओरडतायत, "बाहेर पडा, इमारत कलतेय!" तळमजल्यावरचा न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन फुटपाथवर आला. वरच्या वकीलबाई एका पायात चप्पल आणि काखेत मांजर घेऊन उतरल्या. मी पर्स घेतली आणि गॅस बंद केला. मोजणीवाली धावत वर गेली, ती अगदी सावकाश खाली आली.

"मावशी, आरशाला हात लावलात?"

"हात कसला? स्वच्छ पुसला!"

मोठे इंजिनियर टोपी काढून कठड्यावर बसले. "बाई, तो तिरकाच असतो. यंत्राकडे तोंड करून."

"मग तसं आरशाखाली लिहायचं," मी म्हटलं. आता लिहिलंय, चांगलं ठळक. न्हावी मात्र मला पाहिलं की अर्धाच गाल चोळतो.

तेव्हा माझी काळजी नको. माणसांचा आवाज आहे, यंत्रांचा आहे, आणि सकाळी बेल वाजते.

तुझीच,
धाकटी

ता. क. स्टेशनची लिफ्ट आमच्या दारासमोरच वर येणार आहे. म्हणजे स्टेशनचे जिने चढवत नाहीत, ही तुझी सबब संपली.

ता. क. स्टेशन झालं की आरसा काढणार आणि मोजणीवाली यायची थांबणार, असं ती काल म्हणाली. म्हणून सांगते, टेम्पो रद्द करू नकोस. रविवारी त्यात तुझं सामान घाल आणि इकडे निघून ये. दोघींचं वजन इमारतीला पेलेल का, ते मी विचारून ठेवलंय. पेलेल म्हणाली.

ता. क. येताना तुझं चष्मा पुसायचं मऊ फडकं आण. आरशावर पुन्हा धूळ बसलीय. मी नुसती बघतेय.