डबा रिकामा करू नको

सोमवार, ९ फेब्रुवारी १९९८

फॉरमॅट मार म्हणे! कारखान्याच्या साहेबांना काय, नुसतं बोलायचं. टाइम ऑफिसात हजेरी ठेवणाऱ्या हिंदुराव आबांचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच वीस मिनिटं घेतो. आबा तोवर चहा पिऊन येतात. आज साहेब मला म्हणाले, "सुकन्या, तू कोर्स केलायस ना? सगळं पुसून विंडोज नवं टाक. गुरुवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय, त्याच्या आधी."

आबा उठून उभेच राहिले. "पुसू नका साहेब. कामगारांची तीन वर्षांची हजेरी हाय त्यात." साहेब गेले तशी मला हळूच म्हणाले, "पोरी, न पुसता दुरुस्त कर. तुला जमंल." रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेला माणूस, आणि माझ्यासारखीला विनवतोय. हजेरीसाठी एवढं?

मी हो म्हणाले. माझी नेमणुकीची ऑर्डर सहा महिन्यांची, मार्चमध्ये संपते. साहेबांचंच ऐकायला हवं होतं.

मंगळवार, १०

अर्धा दिवस व्हायरस शोधण्यात गेला. कुणाच्या तरी गेमच्या फ्लॉपीतून आलेला— काढला. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे सात प्रोग्रॅम बंद केले. तीनशेच्या वर टेंपररी फायली उडवल्या. पत्त्यांचा खेळ ठेवला. आबा जेवणानंतर एक डाव मांडतात.

वीस मिनिटांची सहा झाली! पण आबा खुश दिसेनात. सारखे पाठीमागे उभे.

सुटल्यावर गेटपाशी द्वारकाबाई बसलेली. गेणूची बायको. सत्तावीस जानेवारीला गेणूची चार बोटं तीन नंबर प्रेसमध्ये गेली— दुधाच्या कॅनची झाकणं दाबायचं मशीन. कंपनी म्हणते चूक त्याचीच, हात आत घातलाच कशाला. कामावरून कमी केलं. ती म्हणाली, "मेंढरं राखत हुता तेच बरं हुतं वो." एस.टी. आली, चढले. कळंब येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

बुधवार, ११

हे लिहू की नको. लिहिते.

डिस्कवर जागा उरलेली नव्हती, म्हणून रिसायकल बिन, म्हणजे पुसलेल्या फायलींचा डबा, उघडला. रिकामा करण्याआधी यादी बघायची मला सवय आहे. त्यात तीन फायली— गेणू १, गेणू २, गेणू ३. पुसल्याची तारीख अठ्ठावीस जानेवारी. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची!

एक परत आणून उघडली. 'तीन नंबर प्रेसची जाळी तुटली आहे. हात आत जातो. जाळी बसवून मिळावी.' खाली गेणूचं नाव. नोव्हेंबर. दुसरी डिसेंबरची, तिसरी जानेवारीची. मजकूर तोच.

आबा मागेच होते. खुर्ची ओढून बसले.

"त्याला लिवता येत न्हाय. तो सांगायचा, मी टाइप करून साहेबांना द्यायचो. बोटं गेल्यावर साहेबांनी कागद फाडले. मला म्हणाले, कॉम्प्युटरमधलं बी काढ. काढलं."

"मग फॉरमॅट का नको म्हणालात?"

आबांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "डब्यात हाय तवर पुरतं गेलं न्हाय. डबा रिकामा करू नको, पोरी."

फायली होत्या तिथं परत टाकल्या. जागेसाठी दिवाळीच्या शुभेच्छांची चित्रं, नको ते फॉन्ट काढले, विखुरलेली डिस्क नीट लावायला डीफ्रॅग लावलं. संध्याकाळी मशीन दोन मिनिटांत सुरू! साहेब येऊन बघून गेले. जाता जाता हसत विचारलं, "रिसायकल बिन रिकामा केलास ना?"

"हो सर."

जेवण गेलं नाही.

गुरुवार, १२

इन्स्पेक्टर आले. टाइम ऑफिसच्या दारातच साहेब त्यांना सांगत होते— "जाळीबद्दल एकही तक्रार आलेली नाही." मी मान खाली घालून हजेरीचे कागद लावत होते.

आबा उठले. "आली हुती. तीनदा. मीच टाइप केली."

मग स्वतः बसले, डबा उघडला. माउस दोनदा हातातून सुटला. तिन्ही फायली बाहेर काढल्या. इन्स्पेक्टरांनी प्रिंट मागितली. प्रिंटर खरखरत राहिला.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "कॉम्प्युटर तुम्ही साफ केलात ना? या फायली तुम्हाला दिसल्या होत्या?"

साहेब बघत होते. आबा पण.

नाही म्हणाले.

नाही म्हणाले मी! म्हणजे फायली आबांनीच मागाहून घातल्या, असं म्हणायला साहेब मोकळे.

शुक्रवार, १३

आबांना वॉचमनने आत सोडलं नाही. साहेबांचा हुकूम.

संध्याकाळी बाहेर पडले तर आबा गेटसमोर लिंबाखाली, शेजारी गेणू आणि द्वारकाबाई. गेणूच्या हाताला अजून पट्टी. द्वारकाबाईने पळत येऊन माझे हात धरले. "आबांनी सांगितलं, तुमी फायली राखल्या म्हून. न्हायतर आमचं कोन ऐकत हुतं?" आबांनी माझ्या त्या 'नाही'चं काहीच सांगितलं नव्हतं तिला. लांबूनच म्हणाले, "ये पोरी. च्या घे."

एस.टी. चुकेल म्हणाले मी, आणि पळाले. एस.टी.ला अर्धा तास होता.

शनिवार, १४

कामाला गेले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

सोमवार, १६

साहेबांनी आबांची जागा मला दिली. कायमची ऑर्डर. सही केली.