चुंबक बंद असताना

३ नोव्हेंबर २००६, आचरा
पुण्याहून पोचले एकदाची! दाजींचं घर माडांत, समुद्राची गाज थेट अंथरुणापर्यंत. निवृत्तीनंतर या भौतिकीच्या प्राध्यापकांनी मागच्या पडवीत चक्क प्रयोगशाळा थाटली आहे. मी त्यांची नवी सहायक. स्वयंपाकाच्या लक्ष्मीताईंनी आल्या आल्या बांगड्याचं तिखलं वाढलं. दोनदा भात घेतला.

४ नोव्हेंबर
काम कळलं. सेंद्रिय रेणूंचा काळा, केसाएवढा स्फटिक. आत विड्याच्या पानांच्या चळतीसारखे थर. वीज थरातून सहज धावते, एका थरातून दुसऱ्यात शिरताना अडखळते. चुंबक जवळ आणलं की हा रोध वाढतो, आणि स्फटिक फिरवत नेला की ठरावीक कोनात एकदम उसळतो. त्यावरून चुंबक कुठल्या दिशेला आहे तेही कळतं. स्फटिक गार ठेवायला द्रव नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून येतो. दाजी दारातूनच सूचना देतात. छातीत पेसमेकर आहे, चुंबकाजवळ जाणं त्यांना धोक्याचं.

९ नोव्हेंबर
विद्युतचुंबक बंद होतं, तरी रोध उसळला. दाजी हसले, "बटण बंद करूक इसारलंस गो!" मी प्लगच उपटून दाखवला. रोध तसाच. दिशा विहिरीची.

१० नोव्हेंबर
विहिरीत लोखंड नाही, रहाटही लाकडी. दुपारी दिशा बदलली. तुळशीवृंदावन. अंगणात कुणी नव्हतं. आकडा कालच्या दुप्पट.

१२ नोव्हेंबर
आज स्वयंपाकघर. लक्ष्मीताई तिथे एकट्या होत्या. काही जाणवलं का, विचारलं. म्हणाल्या, "माका वाटला तूच पाठी उभी आसस, बाय."
मी पडवीतून हललेच नव्हते.

१३ नोव्हेंबर
दाजींच्या खोलीकडे सरकतंय. हात जोडले, आजच मालवणला लेकीकडे जा म्हटलं. चिडले. "माझ्या घरातसून माका कोण भायर काढतलो?"

१४ नोव्हेंबर, सकाळ
चहा पिताना दाजी कोसळले. आकडा मापाबाहेर गेला होता आणि मी — मी आकडाच बघत बसले. धावले नाही. लक्ष्मीताई त्यांना रिक्षातून घेऊन गेल्या.

पावणेअकरा
फोन आला. दाजी गेले.
रोध उतरलाय. संपलं असेल. बॅग भरली, रिक्षा बोलावलीय.

अकरा
वाढतोय. दिशा — दार. दारात कुणी नाही. बाहेर जायला तेवढंच —

दार नाही आता. टेबल. टेबलाच्या अलीकडे —

दिशा माझ्या खुर्चीची. वळून बघणार नाही — केसांतल्या पिना मागे ओढल्या जा