आबांची मिशी

पौष वद्य पंचमी, अमरावती

आज सखारामआबांची मिशी मी उतरवली. म्हातारपणाने त्यांना काही आठवत नाही, म्हणून कापूसवेचणीच्या दिवसांत सून त्यांना आमच्याकडे, वैद्याच्या घरी, ठेवून जाते. मिशीखालचा ओठ चिघळला होता, केसांत उवा. न्हावी येत नाही; मागे आबा त्याला चावले. वडिलांचा वस्तरा मीच घेतला. कुठे खरचटलेही नाही. मी तेवढेच पाहत होते.

आबांनी ओठावरून बोट फिरवले आणि थिजले. “माय गेली काय वं? मले कावून नाई सांगतलं?”

आईबाप गेल्यावर मिशी उतरवतात, हे मला माहीत नव्हते का? त्यांची माय जाऊन चाळीस वर्षे झाली. मी तेच खरे सांगितले. ते रडले, विसरले, आणि बोट पुन्हा ओठावर. दुपारपर्यंत नऊ वेळा. सुतक आहे म्हणून जेवणही नाही. त्यांच्या अंगात आधीच ताकद उरलेली नाही.

दुपारी सून त्यांना बघायला आली ती कडाडलीच. “वैदाची पोर नं तू? आता म्या सासऱ्याच्या मायचं तेरावं करू का कापूस येचू?”

मिशी कात्रीने बारीक केली असती तरी ओठावर औषधाचा लेप बसला असता. मग वस्तरा का घेतला? चोख दिसावे म्हणून?

संध्याकाळी मी खोटे बोलले. “आबा, माय शेतात गेली आहे. येईल.”

चेहरा उजळला. दोन घास खाल्ले. मग बोट ओठावर गेले. हातातली भाकर त्यांनी ताटात ठेवली.

“मंग बाप गेला काय?”