महादूच्या पानावर

२३ सप्टेंबर १९५८, मंगळवार

नाही, धोंडूदादा, मी पळून आलो नाही. तुला हे गाडीच्या खिडकीतून सांगायचं राहिलं म्हणून इथे लिहितो. तू म्हणालास, भात पिवळं पडायला लागलं, विळ्यांना धार लावायची वेळ, आणि हा निघाला. पण दादा, लावणीला निघालो तर लावणी, कापणीला निघालो तर कापणी. मग माणसाने जायचं कधी? माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणतोस, असू दे. तुझ्या पायांना मुळं फुटली, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला? रेडीला खनिज भरायला दोन महिने टिकलो, कौलांच्या कारखान्यात तीन. इथे तर एकच महिना काढायचा आहे. पगार हातात पडला की देवगडाहून बोट, मुंबईला जहाजावर खलाशी, आणि मग तुझ्या कापणीला चार गडी लावण्याइतके पैसे पाठवतो की नाही बघ.

जागा झकास आहे. जामसंड्यापासून कोसभर, सड्याच्या टोकाला घर, खाली समुद्र. मालक दाजी सुभेदार. पलटणीतून पेन्शनीत निघाले, लग्न केलं नाही, आणि राहत्या घरात लढाईच्या वस्तू मांडून बसले. दारावर पाटी आहे 'युद्धवस्तू संग्रहालय'. लोक नुसतं लढाईघर म्हणतात. आपल्या इन्सुलीच्या नाक्यावरच्या जमादाराची चिठ्ठी दिली, ती त्यांनी वाचली, मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि वाचता येतं का विचारलं. चौथी पास म्हटल्यावर ही वही हातात ठेवली. पलटणीत रोजचा रपोट लिहिल्याशिवाय कोण झोपत नसे, तूही लिही म्हणाले. आजचा रपोट: भात, सुका बांगडा, वारा भरपूर.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत संगिनी, काडतुसांच्या रिकाम्या नळ्या, जर्मन दुर्बीण, गॅसचा मुखवटा. एक लोखंडी टोप आहे, त्याला कपाळापाशी करंगळी जाईल एवढं भोक. भिंतीशी लाकडी खुंट्यांवर पाच खाकी कोट, ह्याच वाडीतल्या पाच जणांचे. चौघे परत आले. पाचव्यावर चिठ्ठी आहे: शिपाई महादू, बेपत्ता, मिसर, १९४२. शेवटच्या रजेवर आला तेव्हा तो कोट घरी विसरून गेला होता.

मागच्या खोलीत जमिनीत खड्डा आहे. दाजींनी स्वतः खणला. छातीएवढा खोल, कडेने वाळूची पोती, उतरायला शिडी, भोवती दोरी. वाळवंटात आत बसून लढायचा त्यांचा मोर्चा असाच होता म्हणे. बाकी वस्तूंचं विचारा, तासभर सांगतील. मोर्च्याचं विचारलं की बिडी शोधायला लागतात.

माझं काम सोपं. पुसायचं, संगिनींना तेल लावायचं, कोटांना बुरशी येते म्हणून ऊन दाखवायचं, लोक आले की चिठ्ठ्या वाचून सांगायच्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज जामसंड्याची शाळा आली होती. एका पोराने गॅसचा मुखवटा चढवला, तर बाकीची त्याला 'नमस्ते गुरुजी' म्हणून वाकायला लागली. गुरुजींनी आधी डोळे वटारले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांच्या पाठोपाठ बाजाराला निघालेली एक बाई शिरली. शिपायाचा जेवणाचा डबा हातात घेऊन तिने विचारलं, एवढ्याशा डब्यात माझ्या घोवाचं काय होणार, लढाई सोडून तो घरी नाही का येणार. चिठ्ठ्या आता मला पाठ झाल्यात. खरं सांगतो, मजा येते. पण एकच महिना हां.

८ ऑक्टोबर, बुधवार

महादूची आई रुक्मिणीकाकी आज आली, बरोबर तिची सून आनंदी. काकी कोटाजवळ बसली आणि कॉलरवरून हात फिरवत राहिली, वासराच्या मानेवरून फिरवावा तसा. सुनेच्या कपाळावर हे एवढं कुंकू. लढाई संपल्यावर महादू मेला असा सरकारी कागद आला होता, तो काकीने चुलीत घातला. तो बेपत्ता झाल्यापासून सोळा वर्षांत त्याचं काहीच केलेलं नाही.

आता तो तिच्या स्वप्नात येतो आणि भूक लागली म्हणतो. म्हणून येत्या अमावास्येला ती त्याच्या नावाने म्हाळ, पितरांचं जेवण, घालणार आहे. दाजींनी समजावलं की ज्याचं प्रेत मिळालं नाही त्याचा दर्भाचा माणूस करून आधी जाळावा लागतो, मग तो पितरांत जातो, मग म्हाळ. म्हातारी एवढंच बोलली.

"जेवूक घालतलंय. पण जाळूचंय नाय."

म्हाळाला पितर म्हणून पानावर बसायला माणूस लागतो. वाडीत विचारून झालं, तर एकाचं पोट बिघडलेलं, एकाला नेमका त्याच दिवशी बाजार, एकाची सासू अत्यवस्थ. मी म्हटलं, वड्यांच्या नावाने अख्खी वाडी आजारी पडलेली प्रथमच बघतो. कोणी हसलं नाही. दाजी म्हणाले, तूच बस. मी लगेच हो म्हटलं. पंधरा दिवस स्वतःच्या हातचं खातोय, दादा. तू असतास तर मला दंडाला धरून मागे ओढलं असतंस, माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. अमावास्या

नीट लिहून ठेवतो, कारण कुठे चुकलं ते मला कळत नाही.

केळीचं पान, वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. मला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं. आधी सगळं सांगून ठेवलं होतं. पितराने बोलायचं नाही. मागायचं नाही. घरच्यांनी 'धादोस झालात?' विचारलं की 'धादोस' म्हणायचं, म्हणजे पोट भरलं, मन भरलं. मग उठायचं आणि मागे न बघता बाहेर पडायचं.

आपल्याकडेही असंच करतात, मला ठाऊक होतं. पण वडे गरम होते, आणि ती म्हातारी आपल्या आयेसारखीच पाटाशी टेकून वारा घालत होती. आये गेल्यापासून असं कोणी वाढलं नाही. पान रिकामं झालं आणि तोंडातून गेलं,

"आये, आणि वाढ गे."

आनंदीच्या हातातला डाव तसाच राहिला. दाजी दारात बसले होते ते उभे राहिले, ताठ, पलटणीत राहतात तसे. काकीने चार वडे वाढले. मग आणखी चार. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

धादोस झालास का, हे मला कोणी विचारलंच नाही. शेवटी मी आपणच उठून हात धुतले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काकी दुपारी जेवण घेऊन इथे आली. मला झिला म्हणते, पोटच्या पोराला म्हणावं तसं. म्हणू दे, म्हातारी आहे.

अंथरूण झाडलं तर वाळू निघाली. आपल्या किनाऱ्याची नव्हे, तिच्यात शिंपल्याचा चुरा असतो. ही पिठासारखी बारीक, पिवळी.

कोट उन्हात घातले होते. दाजी म्हणाले, तो पाचवा जरा घालून बघ. बाही मनगटाला बरोबर बसली. गळ्यापर्यंतची बटणं त्यांनी स्वतःच्या हाताने लावली. मी काढायला गेलो तर म्हणाले, राहू दे थोडा वेळ.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वहीच्या शेवटच्या पानावर कोणीतरी लिहिलंय. इंग्रजी अक्षरं. दादा, तुला माहीत आहे मला ए बी सुद्धा येत नाही. पण शाई माझ्याच दौतीतली, आणि माझ्याच बोटाला लागलेली.

दाजींना दाखवलं. पलटणीत हिंदुस्थानी ह्याच अक्षरांत लिहायला शिकवायचे म्हणाले. त्यांनी वाचलं आणि खाली बसले. एक नंबर आहे, महादूचं नाव आहे, आणि पुढे: पाणी संपलं. हवालदार दाजी येतो म्हणून गेलेत. तेव्हा ते हवालदार होते.

मग त्यांनी मोर्च्याचं सांगितलं, मी न विचारता. माघारीचा हुकूम आला. महादूच्या गुडघ्याला गोळी लागली होती. पाणी घेऊन आलोच, असं सांगून दाजी खड्ड्यातून चढले ते लॉरीत बसले. परत गेले नाहीत. इतकी वर्षं कोणाला बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"ह्या वेळाक तुका टाकून जावचंय नाय, म्हादू."

मी म्हटलं माझं नाव लवू. त्यांनी मान हलवली, तापात बरळणाऱ्या माणसासमोर हलवतात तशी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

महिना भरला नाही तरी निघालो. पगार नको, कारखान्यातले थोडे गाठीला होते, बोटीच्या तिकिटापुरते. बोचकं बांधलं आणि उजाडताच जामसंड्याच्या वाटेला लागलो. पऱ्ह्यापर्यंत, वाटेतल्या ओढ्यापर्यंत, नीट चाललो. तिथे डावा गुडघा वाकेना. जखम नाही, सूज नाही, पण हात लावला की जीव जातो. वाटेवरच बसलो.

वाडीतले चार जण आले. मला वाटलं गाडीवर सोडतील. त्यांनी खांद्यावर घेऊन परत आणलं. मी ओरडून सांगत होतो, मी इन्सुलीचा, मी इन्सुलीचा. ते होय होय म्हणत होते. एकाने पाठ थोपटली आणि म्हणाला, सोळा वर्षांनी घराकडे इलंस, आता खंय जातंस?

हाच तो, अमावास्येला पोट बिघडलेला.

१९ ऑक्टोबर, रविवार

दाराला बाहेरून कडी. खिडकीला गज. दाजी ताट आत सरकवतात आणि सलामी देऊन जातात.

दुपारी आनंदी एकटी खिडकीशी आली. पहिल्यांदाच कोणीतरी सरळ बोललं.

"तू तो न्हय. माका म्हायत आसा."

मी रडलो, दादा. ती म्हणाली, जाळलं नाही त्याची जागा उघडीच असते, म्हणून वाडीतलं कोणी बसलं नाही. तू बसलास, वर मागून घेतलंस. मागून घेतलेल्या पानावरून उठता येत नाही. दर्भाचा महादू करून जाळला तर सुटशील. तिने सासूला विचारलं. सासू म्हणते, तो घरी आलाय, आता जाळू कोणाला.

२० ऑक्टोबर, सोमवार

तहान. घागर संपली तरी तहान. दातांत वाळू कचकचते.

मागच्या खोलीत, खड्ड्यात उतरलो की गुडघा दुखत नाही. म्हणून तिथेच बसतो. फक्त दुपारपुरता —

शाळा आली होती. दुसरी इयत्ता. दोरीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. एकीने विचारलं, हा खराच की बाहुला? दाजींनी चिठ्ठी वाचल्यासारखं सांगितलं: शिपाई महादू.

मी सांगणार होतो. मी लवू, इन्सुली, भावाचं नाव धोंडू. तोंड उघडलं तर बाहेर आलं, साब, पानी.

पोरं हसली. गुरुजी नाही हसले. त्यांनी घाईने सगळ्यांना बाहेर काढलं.

देवगडाकडून बोटीचा भोंगा ऐकला. मुंबईची.

२१ ऑक्टोबर

धोंडू. धोंडू. इन्सुली. नाका. बांधावर फणस. लवू. लवू.

आपल्या आयेचं नाव — सकाळी होतं. खरंच होतं.

म्हातारी खड्ड्याच्या काठावर बसून भरवते. मी नको म्हणतो. तोंड उघडतं —

२२ ऑक्टोबर

आनंदी खिडकीशी आली. खड्ड्यात शिडीशी उभा राहून मी तिला आनू म्हणालो.

मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी गज धरले. मग विचारलं, आणि काय म्हणायचास. मी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही. ती खाली बसली. सांज होईपर्यंत उठली नाही.

आता तीही —

नाही. माझ्या गाठीचे पैसे तुझ्या नावाने पोस्टात नेऊन टाकते म्हणाली आहे. म्हणाली होती.

दसरा झाला असेल

दादा, हात अजून माझा आहे तोवर लिहितो. हे पान फाडून मनिऑर्डरीबरोबर देतो.

तू येऊ नको. आलास तर तुलाही जेव म्हणतील.

वाट बघू नको. हेच मुख्य. ही बाई सोळा वर्षं वाट बघत बसली, त्याचं काय झालं ते मी खड्ड्यात बसून बघतोय. तू तसं करू नको. लवू येईल, कापणीला येईल, चतुर्थीला येईल, असं वहिनीला सांगत राहू नको. दर्भाचा माणूस कर. माझं नाव घेऊन जाळ. रडायचं ते रड, पण जाळ. मग माझं पान मांड, आणि त्यावर माणूस बसवू नको. कावळ्याला ठेव.

मला तुझ्याकडे पितर म्हणून तरी येऊ दे. इथे —

गजाशी कोणीतरी आलंय. आनू — आनंदी असेल. कुंकू दिसत नाही इथून. उजेड फार आहे, सगळं पिवळं —

दर्भाला, भटाला, वड्यांना. बोटीच्या तिकिटाचे होते, ते सगळे पाठवतो. रुपये सतरा —