माझ्या ताटातलं गोड

५ जानेवारी
खताच्या कंपनीची नवी डायरी आली. दरसाल इच्यात फवारणीच्या तारखा लिहितो. यंदा तब्येत लिहीन. काल रिसोडच्या डॉक्टरनं रिपोर्ट पाह्यला अन् सांगतलं का मले शुगर आहे. उपाशीपोटी दोनशे ऐंशी. गोड बंद, रोज गोळी, पायाले जखम होऊ द्याची नाई, नाई तं बोटं कापा लागतात म्हणे. महिन्यानं परत या, कमी नसली तं इंजेक्शन सुरू. मी भ्यालो नाई. हात थंडे पडले होते, पण ते थंडीनं.

आमच्या खानदानात कोणाले शुगर नाई. बाबा गुळाचा खडा तोंडात ठेवून दिवसभर वखर हाकत. रिपोर्ट अदलाबदल झाला असन. तरी आजपासून गोड बंद. विलपॉवर काय असते ते त्या डॉक्टरले दाखवतो.

गोळी सध्या नाई. बाजूच्या वावरातला देवमन म्हणते, एकदा धरली का मरेपर्यंत सुटत नाई. पाकीट देवघरात ठेवलं. तिथं ठेवल्यानंबी काही तं गुण येईनच.

६ जानेवारी
सकाळी बायकोनं, वैजयंतीनं, सवयीनं साखरेचा चहा समोर ठेवला. मी कप सरकवला. तिनं पिला. मंग माझ्यासाठी बिनसाखरेचा केला. दुपारी गुळाची पोळी. तेबी सरकवली, तिनं खाल्ली. आमच्या घरी माझं जेवण झालं का ती माझ्याच ताटात जेवाले बसते. अन्न टाकाचं नाई, ही तिच्या मायची शिकवण. लय चांगली शिकवण आहे. काही वाया न जाता माझं गोड सुटून राह्यलं.

मेथी अन् सांभाराच्या जुड्या घेऊन रिसोडले गेलो तं अडत्यानं चहा पाजला. दोनदा. तो हिशोबात धरला नाई. धंद्यात माणसाचं मन मोडता येत नाई.

पहिला दिवस. हंड्रेड पर्सेंट.

९ जानेवारी
तूर कापून राह्यलो. वैजयंतीच्या पायात खुंट घुसलं, अंगठ्याच्या बाजूनं. तिनं हळद दाबली अन् पुन्हा विळा धरला. मी बूट घालूनच वावरात फिरतो. डॉक्टरनं मलेच सांगतलं न पायाले जपा म्हणून. देवमन हसला, म्हणे साहेब झाला काय रे रामकिसन. हसू दे. त्याले काय माहीत जबाबदारी काय असते.

१५ जानेवारी
संक्रांत. गल्लीतल्या साऱ्या बाया तिळगूळ घेऊन आल्या. डबा भरला. मी एकबी लाडू खाल्ला नाई. (देवमनचा अर्धा. सणाले नाई म्हणणं बरं दिसत नाई.) डबा वैजयंतीच्या हवाली केला, म्हणलं माझ्या डोळ्यासमोर ठेवू नको, तू संपव. तिनं दोन-तीन दिवसात संपवतो म्हणलं. बिचारी माझ्यासाठी किती करते.

आज ठरवलं: सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी चालणं. उद्यापासून.

१९ जानेवारी
कारल्याचा रस एकदा झाला. चालणं झालं नाई, पायाले थंडी बाधते.

वैजयंतीच्या पायी मले झोप नाई. रात्री कितीकदा उठते. दाराची कडी वाजते, बाहेरची बादली वाजते, परत येते अन् माठातून घटाघटा पाणी पिते. अन् पाणी पिल्यावर पुन्हा उठनच न. मी म्हणलं, येवढं पाणी कायले ढोसते. ती म्हणे तोंडाले कोरड पडून राह्यली. कोरड तं मले पडाले पायजे, पेशंट मी आहे. झोप मोडली का शुगर वाढते, हे मी मोबाईलवर वाचलं. म्हणजे माझी शुगर कमी नसन होत तं त्याचं कारण घरातच आहे. डॉक्टरले सांगीन.

२३ जानेवारी
आज मनाले लागलं. वैजयंतीचे ब्लाऊज ढिल्ले झाले. टाके मारत बसली होती. डायट मी करतो अन् बारीक ती होते. मी वजनकाट्यावर उभा राह्यलो तं काटा जिथल्या तिथं. देवाच्या घरी न्याय नाई.

सुईत दोरा ओवाले तिनं लय वेळ लावला. शेवटी मी ओवून देल्ला. काल वरणात खडा होता, माझी दाढ दुखून राह्यली. चष्मा लागन आता तिले. हंगाम झाला का पाहू.

तिच्या पायाची जखम अजून ओली आहे. म्हणलं चप्पल घालत जा. ती म्हणे घालतो.

२६ जानेवारी
सुट्टी होती म्हणून पोरगी स्नेहा अकोल्यावरून आली. शुगर तपासाची मशीन आणली. बोट टोचून कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब द्याचा, मशीन आकडा सांगते. सगळ्यायसमोर माझं बोट टोचलं. दोनशे एक्याण्णव.

मी येवढा त्याग करून राह्यलो अन् आकडा वाढला? मी तिथंच म्हणलं, मशीन खराब आहे. स्नेहा म्हणे बाबा, गोळी घेता का. मी म्हणलं घेतो. देवघरात रोज हात जोडतो तवा पाकिटाले हात लागते, म्हणजे अगदीच खोटं नाई.

जाता जाता स्नेहा म्हणे आई लय खराब दिसून राह्यली, तिचीबी तपासणी करून आणा. मी म्हणलं, आईचं सोड, पेशंट मी आहे. एका घरात एकच पेशंट पुरे. तरी पाहू म्हणलं, पोरीचं मन राखाले.

२८ जानेवारी, दुपार
मशीनचा निकाल लावला. डोकं चालवा लागते.

माझा आकडा खरा का खोटा हे माझ्याच बोटावरून कसं कळन? म्हणून निरोगी माणूस घेतला. वैजयंती. दिवसभर वावरात वाकून राबते, जन्मात दवाखाना पाह्यला नाई, तिले कायची शुगर. भांडे घासत होती, तिथंच बोट टोचलं. चारशे अठरा.

मी हसून हसून बेजार. मशीन खराब, सिद्ध झालं. वैजयंतीनं पुसलं, किती आले. मी म्हणलं, काई नाई, मशीन बिघडली. ती म्हणे मंग ठीक. अन् भांडे घासाले लागली.

मंग देवमनले बलावलं. एकशे चार. त्याचं तेवढं बरोबर आलं. म्हणजे मशीन कधी कधी चालते, अन् तसं असणं तं अजून वाईट. देवमननं त्या खुशीत दुकानातून जिलबी आणली. मी एकच तुकडा खाल्ला, बाकीची घरी दिली.

स्नेहाले फोन केला, म्हणलं मशीन बदलून आण. आकडे सांगतले नाई. उगीच पोरगी घाबरते. मशीन डब्यात भरून ठेवली, बिल तिच्यातच आहे.

१ फेब्रुवारी
वैजयंतीचं काय चाललं कळत नाई. काल मेथीच्या जुड्या बांधता बांधता झोपली, बसल्या जागी. दोरी हातातच. मी हलवलं तं म्हणे डोळा लागला. घरात एक बिमार माणूस असताना दुसऱ्यानं जागं राह्याले पायजे.

आज जेवतानी मले म्हणे, तुमी डॉक्टरकडं जासान तवा मीबी येऊ का, मले चक्कर येते. हळूच म्हणे, वरण वाढता वाढता. तिनं आजवर स्वतःसाठी दवाखान्याचं नाव काढलं नाई. मले जरा कसंतरी वाटलं. मंग वाटलं, जागरणानं येत असन चक्कर. म्हणलं, साखरेचं पाणी पी. तिनं पिलं.

४ फेब्रुवारी
आज डॉक्टरनं बलावलं होतं. गेलो नाई. एक तं मशीनचा गोंधळ अजून मिटला नाई. दुसरं म्हणजे तुरीचं मळणीयंत्र आजच मिळालं. पुढच्या सोमवारी पक्कं. वैजयंतीलेबी नेतो म्हणलं. तिनं नुसती मान हलवली.

तिच्या अंगठ्याले वास येऊन राह्यला. म्हणलं दाखव. तिनं पदर टाकून पाय झाकला, म्हणे जेवून घ्या अगोदर. जेवलो. ताटात गुळाचा भात होता, तो सरकवला. आज तिनंबी खाल्ला नाई. ताट तसंच राह्यलं. हे पहिल्यांदा झालं. मध्यरात्र उलटली, मले काहून झोप लागत नाई काय माहीत. आज कडी वाजली नाई, तरी लागत नाई.

५ फेब्रुवारी, सकाळ
कडी वाजली नाई कारण ती उठलीच नाई. हलवून राह्यलो, डोळे उघडते अन् मिटते. बोलते ते कळत नाई. देवमन जीप आणाले गेला.

डब्यातून मशीन काढली होती. पुन्हा डब्यात ठेवली. टोचाची हिंमत झाली नाई.

७ फेब्रुवारी, वाशीम, दवाखाना
वैजयंती बोलाले लागली. आणली तवा शुगर पाचशेच्या वर होती. डॉक्टर म्हणे, शुगर हिले लय दिवसाची असन, कोणी तपासलीच नाई. पण महिन्याभरात येवढी चढाले काय झालं? खाण्यात काही फरक पडला का? मी म्हणलं काही नाई. स्नेहा माझ्याकडं पाहून राह्यली होती. मंग सांगतलं का माझ्या वाटचं गोड ती खाऊन राह्यली होती. अन् साखरेचं पाणी मीच पाजलं.

स्नेहानं पुसलं, मशीनमधी आईचे किती आले होते. चारशे अठरा म्हणलं. ती बाहेर जाऊन बाकड्यावर बसली. बोलली असती तं बरं झालं असतं.

अंगठ्याचं दोन दिवसांनी सांगतीन. राहीन, नाई तं काढा लागन.

नर्सनं माझंबी बोट टोचलं. मशीन आमच्यासारखीच होती, त्याच कंपनीची. दोनशे त्र्याण्णव. मी मशीनबद्दल काई म्हणलं नाई.

स्नेहानं घरून गोळ्या आणल्या. पाकिटाले देवघरातलं कुंकू लागलं होतं. एक घेतली.

दुपारी वैजयंतीचं ताट आलं. ज्वारीची भाकर, मेथी, पातळ वरण. तिनं अर्धी भाकर खाल्ली अन् ताट माझ्याकडं सरकवलं. म्हणे खाऊन घ्या, वाया जाईन. लग्नाले सव्वीस वर्षं झाली, तिच्या ताटात मी कधी बसलो नव्हतो. आज बसलो. सगळं खाल्लं.