जिन्याची तिसरी पायरी

चिमणे,

एका इमारतीची टाकी गळतेय, म्हणून सकाळीच निघालो. तो रेंजचा बूस्टर एकदाचा चालू झाला. काल मी गच्चीवरची अँटेना आणि घरात लावायचा डबा शेजारीशेजारी ठेवले होते, म्हणून लाल दिवा जात नव्हता. प्लंबरने तारांत हात घातला की असंच व्हायचं! आता डबा तुझ्या खोलीत, कपाटावर आहे. दिवा हिरवा दिसला पाहिजे. त्याचा प्लग काढून इस्त्री लावलीस तर बघ.

आता रेंजसाठी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून जावईबापूंशी बोलायला नको. खोलीचं दार लावून खुशाल बोल, कुणाला अवाक्षर ऐकू येणार नाही.

पण पोरी, त्या पायरीवरचं सगळं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तू फोन ठेवून नाक पुसलंस की मी चहाचं आधण ठेवायचो. तुला वाटायचं, म्हाताऱ्याला चहाचं वेड लागलंय.

आता मला काही कळणार नाही. तेव्हा रडू आलं की दार उघडायचं आणि नुसतं 'चहा' म्हणायचं.

बाबा