झुडपामागे पंधरा मीटर

तीर्थस्वरूप भावोजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच). इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमच्या तब्येतीची चौकशी करावी तर तुमचा फोन सात महिने बंद आहे आणि दाराची घंटा तुम्ही काढून टाकली आहे. तिच्या जागी दोन वायरी लोंबताहेत. मागच्या खेपेला त्यातल्या एकीला मी बोट लावून पाहिलं. वीज चालू होती, म्हणजे घरात माणूस आहे एवढं कळलं. बाकीची खबर तुमच्या समोरच्या नर्सबाई देतात: दुधाची पिशवी उचलली जाते, कचरा बाहेर येतो, आणि दुपारचे चार वाजले की आतून तोफांचे आवाज येतात. (पहिल्यांदा त्यांना वाटलं, तुम्ही भिंत फोडताय.)

पत्रास कारण असं की बोलण्याचे बाकी सगळे रस्ते तुम्ही बंद केले आहेत, आणि ते का केले हे मला ठाऊक आहे. ताई गेली त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात, चार माणसांदेखत, मी तुम्हाला म्हणालो की बायको छातीला हात लावून बसली होती आणि तुम्ही कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा खेळ खेळत होता. तुम्ही खिशातून चष्म्याचं घर काढलंत, उघडलंत, मिटलंत आणि जिना उतरून गेलात. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेले तुम्ही, समोरच्याचं माप खोटं असलं तर जागच्या जागी सांगणारे. त्या दिवशी माझ्या तराजूला हातही लावला नाहीत. मला वाटलं, म्हणजे माझं माप बरोबर असणार. त्या गुर्मीत मी दोन महिने काढले. मग गुर्मी उतरली, आणि बघतो तर ज्याच्याशी ताईबद्दल बोलता येईल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो दाराआड.

आता खेळाकडे वळतो. ताई फोनवर तुमची तक्रार करायची तेव्हा म्हणायची, हे बाहेर निरीक्षक आणि घरात ‘शून्यचूक’. ते तुमचं खेळातलं नाव, हे मला तेव्हापासून माहीत. दार उघडत नाही तर रणांगणावर गाठू, असं ठरवून मी माझ्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंचा जुना कॉम्प्युटर दुपारी तासभर मागून घेतला. बदल्यात त्यांच्या शिलाई मशीनचं तेलपाणी माझ्याकडे. (बाईंना सांगितलं, बहिणीच्या यजमानांना भेटायला जातोय. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हेडफोन आणून दिला.) नाव काय घेणार, असं खेळानं विचारलं तेव्हा समोर बाईंकडे शिवायला आलेली एका गिऱ्हाइकाची फाटकी उशी पडली होती. मी ‘उसवण’ लिहून मोकळा झालो.

पहिला रणगाडा हलका घेतला. तो इतका पळतो की मी ‘थांब’ म्हणेपर्यंत नदीत. (बुडालेली माणसं या खेळात वर येत नाहीत, नुसता एक आकडा कमी होतो.) मग जड घेतला. तो थेट माझ्यावर गेलेला: पोचेस्तोवर सगळं आटोपलेलं असायचं. मधला घेतला, त्याचं नेमकं काम काय ते मला अजून कळलेलं नाही, कचेरीतल्या मधल्या साहेबांसारखं. शेवटी हाती लागला रणगाडे फोडणारा रणगाडा, ज्याला तुम्ही टीडी म्हणता आणि मी व झेरॉक्सवाल्या बाई ‘फोड्या’ म्हणतो. त्याला वरची फिरती घुमटी नसते. तोफ समोर ठोकलेली. डावीउजवीकडे बघायचं तर अख्खं धूड वळवायचं. लोक याला खोट म्हणतात. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. शिलाई मशीनचंही तेच आहे, सुई जागची हलत नाही, कापड सरकवायचं. चाळीस वर्षं मी दुसरं काय पाहिलं? त्यातही मी निवडला तो उघड्या डोक्याचा, वरून छप्परच नसलेला. त्याची तोफ सगळ्यांत लांब होती. शिवाय तुमच्याकडेही तोच आहे, हे मी तुमच्या नावावर टिचकी मारून बघून घेतलं होतं.

मग आलं सामान. गाडीत सामानाचे तीन खण असतात, तिन्हींत काय भरायचं ते आपण ठरवायचं. मी जातीचा मेकॅनिक, पहिल्या खणात डोळे मिटून अवजारांची पेटी ठेवली. दुसऱ्यात हवा खेळती ठेवणारा पंखा घालायला गेलो (आत पाच माणसं, वर तोफेचा धूर, मला त्यांची दया आली), तर खेळ म्हणाला, बसत नाही. सात वेळा घालून पाहिला. सातही वेळा नाही. तो खण तसाच रिकामा ठेवला. तिसऱ्यात लपायची जाळी घेतली आणि ती अंगावर आहे म्हणून भर मैदानातून सुसाट निघालो, की आता आपण कुणाला दिसतच नाही. पहिल्याच वळणावर सहा जणांना दिसलो.

तुकडीत एकत्र खेळू, असं आमंत्रण मी तुम्हाला अकरा दिवस पाठवत होतो. अकराही दिवस तुम्ही नाकारलंत. बाराव्या दिवशी नशिबानं आपण एकाच बाजूला पडलो. नकाशाच्या कोपऱ्यात तुमचं नाव दिसलं आणि मी गाडी तिकडे वळवली. तुम्ही टेकाडावर, एका झुडपामागे, स्थिर. मी मागून आलो. जवळ जाऊन करायचं काय ते सुचेना, आणि बोट दाबलं गेलं. गोळा थेट तुमच्या पाठीत. (फोड्याची पाठ म्हणजे पत्र्याचा डबा.) खोटं कशाला बोलू भावोजी, क्षणभर बरं वाटलं. मग नाही वाटलं. तुमच्या गाडीतून धूर निघत होता आणि पडद्यावर तुमची ओळ आली: ‘नवीन आहेस का?’

मी लिहिलं, हो. तुम्ही सामानाची यादी मागितलीत. मी दिली, पंखा बसत नाही हेही कळवलं. मग आलं, ‘डोक्यावर छप्पर नाही तर पंखा कशाला?’ आणि पाठोपाठ तुकडीचं आमंत्रण. ते प्रेमापोटी नव्हतं, एवढं मी ओळखून आहे. चुकीचं माप समोर मांडलेलं तुम्हाला बघवत नाही.

पुढचे पाच आठवडे जवळजवळ रोज चार ते पाच तुम्ही मला शिकवलंत. ताईच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात मिळून आपण एवढं बोललो नव्हतो. अवजारांची पेटी तुम्ही काढायला लावलीत (राग आला होता, गिळला) आणि तिच्या जागी तोफ लवकर भरणारा दांडा बसवलात. रिकाम्या खणात दुर्बीण. जाळी राहू दिलीत, पण बजावलंत की जाळी काय आणि दुर्बीण काय, तीन सेकंद जागचं हललं नाही तरच कामाला येतात. झुडपात शिरून गोळा झाडायचा नाही, झाडला की माणूस उघडा पडतो. झुडपामागे पंधरा मीटर सरकायचं, तिथून झाडायचं. पंधरा म्हणजे पंधरा. मी चौदावरून झाडला आणि मेलो, तेव्हा तुम्ही एकच शब्द लिहिलात, ‘बघ.’ (ताई म्हणायची, ह्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं.) पण ज्या दिवशी मी पहिला रणगाडा फोडला, त्या दिवशी तुम्ही ‘बरोबर’ असं लिहिलंत, आणि मी दुकान अर्धा तास आधी बंद करून घरापर्यंत चालत गेलो.

एक गोष्ट मात्र मला उमगेना. लढाई जिंकत आलेली असायची, सहासात मिनिटं उरलेली, तुम्ही तिघांना लोळवलेलं, आणि तुमचा फोड्या एकाएकी मुका व्हायचा. गाडी उभी, आत कुणी नाही. तुम्ही खेळ सोडून उठलेले. रोज एकदा तरी. शत्रू निवांत चालत येऊन तुम्हाला फोडायचे, आपल्या बाजूचे लोक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, खेळानं तर तुमच्यावर दोन दिवसांची बंदीही घातली. मला वाटलं, दूध उतू जात असेल. मग वाटलं, लघवीचा त्रास असेल. या वयात होतो, मलाही आहे.

मागच्या सोमवारी तुम्ही उठायच्या आत मी विचारलं, ‘जिंकताना का सोडतोस?’ (अरेतुरे केल्याची क्षमा असावी. उसवण तुमच्याहून लहान आणि परका आहे, असा तुमचा समज होता, आणि मी तो मोडला नव्हता.) तुमच्या ओळी एकेक करून आल्या, मध्ये थांबत थांबत.

‘बायकोला कळ आली तेव्हा लढाई चालू होती. नऊ मिनिटं उरली होती.’

‘ती म्हणाली, पित्त असेल. तुम्ही संपवून घ्या, मग जाऊ.’

‘मी संपवली. जिंकलो.’

पलीकडच्या टेकाडावरून कुणीतरी माझ्यावर गोळे टाकत होतं, पडद्यावरचा आकडा उतरत होता, आणि माझी बोटं चालत नव्हती. मग तुमची शेवटची ओळ आली.

‘मधूनच उठता येतं का, ते रोज बघतो. येतं. काही होत नाही.’

आणि तुमचा फोड्या मुका झाला. माझा त्याआधीच पेटला होता. झेरॉक्सवाल्या बाईंनी एका माणसाच्या प्रती अर्ध्यावर सोडून मशीन बंद केलं आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ‘भेटले वाटतं,’ एवढंच म्हणाल्या.

तर भावोजी, उसवण तो मी. परक्याला म्हणून तुम्ही जे सांगितलंत ते मी चोरून ऐकलं, आणि ऐकल्यावर पुन्हा परका होऊन तुमच्याशेजारी बसणं मला जमेना. म्हणून आठवडाभर आलो नाही. (तुम्ही दोन वेळा निरोप टाकलात, ‘आहेस का?’ दोन्ही पोचले.) जिन्यात मी बोललो त्यातलं काहीच तुम्हाला नवीन नव्हतं, हे मला आता कळतं. जे तुम्ही मनात वाचत होता ते मी चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्या दुपारी ताईनं आधी मला फोन केला होता. म्हणाली, छातीत जरा दुखतंय रे. माझ्या मांडीवर उघडं मशीन होतं, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी म्हटलं, पित्त असेल गं, संध्याकाळी बोलू. बरं म्हणाली. भावोजी, तिनं तुम्हाला पित्त असेल म्हणून सांगितलं, ते माझं निदान होतं. आणि जिन्यात तुमच्या अंगावर धावून आलो तेव्हा मला ते पक्कं ठाऊक होतं. तुम्ही गप्प तरी राहिलात. मी आवाज चढवला, माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून.

यावर काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, असा शेवट करायचा तर त्या घरात थोर तुम्ही आणि धाकटेही तुम्हीच, तेव्हा दोन्ही ठेवून घ्या.

आपला,
मेहुणा

ता. क. – पत्र नर्सबाई दुधाच्या पिशवीखाली ठेवतील. ओलं झालं तर वाळवून वाचा. उत्तर आलं नाही तरी माझी तक्रार नाही. मन मोकळं करायला लिहिलं, दुसरं काही मागणं नाही.

आणखी ता. क. – वरचं शेवटचं वाक्य खरं नाही. खोडणार होतो, पण खाडाखोड तुम्हाला चालत नाही. माझ्या पोटात गाठ निघाली आहे, लिंबाएवढी. गुरुवारी काढणार. ती कसली आहे ते काढल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणतात, आणि म्हणताना ते खिडकीबाहेर बघतात. फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना आहे. मी तुमचं नाव लिहून बसलोय, न विचारता. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, बहीण हयात नसेल तर बहिणीचे यजमान नात्यात धरत नाहीत. मी म्हटलं, आमच्यात धरतात. बाईंनी शिक्का मारला. आता तुमची सही तेवढी हवी, आणि मला आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकावर कुणीतरी. सकाळी नऊ वाजता. उपाशीपोटी मी यायचं आहे, तुम्ही खाऊन या.